नवी टाइल बसवली, तरी खालच्या घरात गळती का? रिनोव्हेशन करताना टाइल्सबाबतचे हे गैरसमज पडतात महागात

बाथरूमचे काम पूर्ण होते. जुनी पिवळी पडलेली टाइल जाऊन नवी चकचकीत टाइल येते, नळ बदलतात, काचेचे पार्टिशन लागते. घरातले सगळे खूश असतात. दीड-दोन महिन्यांनी दाराची बेल वाजते. खालच्या मजल्यावरचे काका मोबाइलमधला फोटो दाखवतात. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आलेली असते, रंगाचे पोपडे सुटलेले असतात. ‘अहो, आत्ताच तर सगळ्या टाइल्स नव्या बसवल्या,’ असे उत्तर दिले जाते. मात्र गळतीचे कारण अनेकदा याच उत्तरात दडलेले असते.

टाइल हा फरशीतला सर्वात वरचा आणि सर्वात शेवटी येणारा थर. घर घेणारे आणि घर नव्याने करणारे बहुतेक जण दुकानात तासन् तास घालवतात ते याच थरासाठी. रंग, डिझाइन, चौरस फुटाचा दर यावर घासाघीस होते. त्याखाली काय असणार, याची चर्चा गवंड्यावर सोडली जाते. एकदा टाइल बसली की खालचे काही दिसत नाही आणि चूक सापडली तर दुरुस्तीसाठी नवी कोरी टाइलच फोडावी लागते. म्हणूनच काम सुरू होण्याआधी काही गैरसमज दूर करून घेणे गरजेचे आहे.

टाइल बसवली म्हणजे वॉटरप्रूफिंग झाले?

नाही. हा सर्वात जास्त आढळणारा आणि सर्वात महाग पडणारा गैरसमज आहे. टाइलमधून पाणी सहसा जात नाही, पण दोन टाइल्समधल्या सांध्यांतून, नहाणी ट्रॅपच्या कडेने आणि पाइप भिंतीत शिरतो त्या जागेतून ते खाली उतरते. ते अडवण्याचे काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचे असते.

राज्यातल्या अनेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्यावर वॉटरप्रूफिंग करून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला जातो आणि वर फरशी बसते. जुनी फरशी फोडताना, नवे पाइप टाकण्यासाठी खोदकाम करताना हा जुना थर अनेकदा तुटतो. नवी टाइल थेट त्यावर बसवली, तर आधी न गळणारे बाथरूमही गळू लागते. सुरुवातीला पाणी कोब्यात मुरत राहते. कोबा पूर्ण भिजल्यावर मग खालच्या छताला ओल दिसते. त्यामुळे गळती लगेच न दिसता काही आठवड्यांनी उघड होते आणि तोवर कामाचे सगळे पैसे दिलेले असतात.

फरशी फोडली, की वॉटरप्रूफिंग नव्याने करायचे, हे गृहीत धरूनच बजेट आखावे. हा थर फक्त जमिनीवर देऊन चालत नाही. तो भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या भागात शॉवरच्या उंचीपर्यंत नेणे चांगले. कोपरे, ट्रॅप आणि पाइपभोवतीची जागा ही सर्वात कमकुवत ठिकाणे असतात. तिथे जास्तीची काळजी घ्यावी लागते.

थर नीट झाला की नाही, हे कसे कळणार?

यासाठी सोपी चाचणी आहे. वॉटरप्रूफिंगचा थर पूर्ण वाळल्यावर नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करायचे, दाराशी तात्पुरता बांध घालायचा आणि बाथरूममध्ये इंच-दोन इंच पाणी भरून ठेवायचे. भिंतीवर पेन्सिलने पाण्याची पातळी खुणावायची. किमान २४ तास, शक्य असल्यास ४८ तास थांबायचे. थोडे पाणी बाष्पीभवनाने कमी होऊ शकते, पण पातळी ठळकपणे उतरली किंवा खालच्या घरात ओल दिसली, तर थरात दोष आहे असे समजावे.

ही चाचणी टाइल बसवण्यापूर्वी करायची असते. कारण याच टप्प्यावर दुरुस्ती स्वस्तात होते. खालच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन त्यांचे छत पाहण्याची परवानगी घेतली, तर पुढचे वादही टळतात.

सांध्यांत एपॉक्सी भरले की पाणी पूर्ण बंद?

टाइल्समधल्या सांध्यांत भरले जाणारे मिश्रण म्हणजे ग्राउट. सिमेंटचे साधे ग्राउट सच्छिद्र असते. त्यातून थोडे पाणी झिरपते आणि कालांतराने ते काळे पडते. एपॉक्सी ग्राउट त्यापेक्षा महाग असते, पण ते पाणी जवळपास शोषत नाही आणि त्यावर डागही कमी पडतात. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे आणि बाथरूममध्ये ते उपयोगी ठरते.

मात्र एपॉक्सी ग्राउट हा वॉटरप्रूफिंगला पर्याय नाही. भिंत आणि जमीन जिथे भेटतात, तिथे दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे हलतात. त्या कोपऱ्यात कडक ग्राउटला बारीक तडा जाऊ शकतो. म्हणून अशा ठिकाणी सिलिकॉनसारखे लवचीक सीलंट वापरले जाते. गळती सुरू झाल्यावर ‘फक्त सांधे भरून देतो’ असे सांगितले जाते, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा. पाणी केवळ सांध्यांतूनच उतरत असेल तर काही काळ फरक पडतो. पाइप किंवा ट्रॅपजवळ दोष असेल तर सांधे भरून काहीच साधत नाही.

टाइल कोणतीही असो, सिमेंटवर बसतेच?

टाइल्स दिसायला सारख्या असल्या तरी पाणी शोषण्याच्या बाबतीत त्यांच्यात मोठा फरक असतो. भिंतीला लावायची सिरॅमिक टाइल तिच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये हेच प्रमाण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असते.

सिमेंटचा घोळ टाइलच्या मागच्या बारीक छिद्रांत शिरतो, तिथे घट्ट होतो आणि त्यामुळे टाइल धरून राहते. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये अशी छिद्रेच जवळपास नसतात. त्यामुळे साध्या सिमेंटची तिच्यावरची पकड कमकुवत राहते. जमिनीवर काही वर्षे हे लक्षात येत नाही. पण भिंतीवर लावलेली मोठी, जड टाइल निखळली तर इजा होण्याचा धोका असतो.

अशा टाइल्ससाठी पॉलिमर मिसळलेले टाइल अ‍ॅडेसिव्ह वापरतात. त्यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे आणि त्यात अ‍ॅडेसिव्हचे वेगवेगळे प्रकार ठरवून दिलेले आहेत. दुकानात नुसते ‘अ‍ॅडेसिव्ह द्या’ म्हणण्याऐवजी टाइलचा प्रकार, आकार आणि ती जमिनीवर लागणार की भिंतीवर, घरात की बाहेर, हे सांगून गोणीवरचा प्रकार तपासून घ्यावा.

टाइल बसवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घालण्याची सवयही याच प्रकारातली. सिमेंटवर बसणाऱ्या सिरॅमिक टाइलसाठी ती बरोबर आहे. कोरडी टाइल सिमेंटमधले पाणी ओढून घेते आणि सिमेंट नीट घट्ट होत नाही. व्हिट्रिफाइड टाइल मात्र पाणी पीतच नाही, त्यामुळे ती भिजवून काही फायदा होत नाही. अ‍ॅडेसिव्हवर लावायची टाइलही सहसा भिजवायची नसते. तिची मागची बाजू धूळ पुसून स्वच्छ केली की पुरते.

चार कोपरे आणि मध्ये एक गोळा, एवढे पुरते?

अ‍ॅडेसिव्ह वाचवण्यासाठी आणि लेव्हल पटकन साधण्यासाठी टाइलच्या मागे पाच गोळे लावून ती भिंतीवर दाबण्याची पद्धत सर्रास दिसते. काम झटपट होते, पण गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. त्यावर जड वस्तू पडली तर टाइल फुटते, भिंतीत ड्रिल करताना तडा जातो आणि ओल्या जागेत त्या पोकळीत पाणी साचत राहते.

योग्य पद्धतीत दातेरी थापीने अ‍ॅडेसिव्ह सगळीकडे सारखे पसरले जाते. मोठ्या टाइलच्या मागेही पातळ थर दिला जातो. अमेरिकेतील टाइल उद्योगाच्या मानकांनुसार कोरड्या जागेत टाइलच्या मागचा किमान ८० टक्के आणि ओल्या जागेत ९५ टक्के भाग अ‍ॅडेसिव्हला चिकटलेला असायला हवा. काम सुरू असताना नुकतीच लावलेली एखादी टाइल उचलून पाहायला सांगितले, तर ते लगेच कळते. काम वाळल्यावर नाण्याने ठोकून पाहता येते. पोकळ आवाज आला की खाली जागा रिकामी आहे. प्रत्येक पोकळ आवाज म्हणजे संकट नव्हे, पण कोपरे आणि कडा पोकळ वाजत असतील तर त्या टाइल्स बदलून घ्याव्यात.

सांधे दिसलेच नाहीत तर फरशी अधिक सुंदर?

टाइलला टाइल भिडवून अखंड फरशी करून घेण्याचा आग्रह अनेक जण धरतात. ती दिसते छान, पण टाइलला प्रसरण पावायला जागा उरत नाही.

सिरॅमिक टाइल तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की दर मीटरमागे साधारण ०.००७ मिलिमीटर वाढते. हा आकडा नगण्य वाटतो. मात्र १० मीटर लांबीची फरशी २० अंशांनी तापली, तर वाढ जवळपास १.४ मिलिमीटर होते. शिवाय नव्या इमारतीतले काँक्रीट पहिली काही वर्षे किंचित आकसत असते. वर टाइल वाढतेय आणि खाली स्लॅब आकसतोय, अशा कात्रीत फरशीवर दाब येतो. कुठेच जागा मिळाली नाही, की पकड सर्वात कमी असेल तिथल्या टाइल्स तंबूसारख्या वर उचलल्या जातात. अनेकदा फटाका फुटल्यासारखा आवाज येतो आणि घरातले घाबरतात. बऱ्याचदा लोकांना टाइलच निकृष्ट होती असे वाटते, पण ती तशी असेलच असे नाही.

यावर उपाय साधा आहे. दोन टाइल्समध्ये स्पेसर लावून किमान २ ते ३ मिलिमीटरचा सांधा ठेवायचा. भिंतीलगत चारही बाजूंनी ५-६ मिलिमीटर जागा सोडायची. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. बाल्कनी, गच्ची किंवा थेट ऊन येणाऱ्या खोल्यांत हे अधिक महत्त्वाचे ठरते.

जुन्या फरशीवर नवी फरशी घातली तर चालते?

चालते, पण कशावर काय घातले जाते आहे हे पाहावे लागते. जुनी फरशी घट्ट असेल, कुठे पोकळ किंवा उचललेली नसेल आणि तिची चकाकी घासून किंवा योग्य प्रायमर लावून खडबडीत केली असेल, तर अ‍ॅडेसिव्हने टाइलवर टाइल बसवता येते. तोडफोड, धूळ आणि वेळ वाचतो.

इथे वजनाचा हिशेब करायला हवा. ९ मिलिमीटर जाडीची टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून प्रति चौरस मीटर साधारण २५ किलो भरतात. म्हणजे १०० चौरस फुटांच्या खोलीत सुमारे २३० किलो. त्याऐवजी जुन्या फरशीवर दीड इंच सिमेंट-वाळूचा माल टाकून वर टाइल बसवली, तर हेच वजन प्रति चौरस मीटर १०० किलोंपर्यंत, म्हणजे त्याच खोलीत ९०० किलोंहून अधिक होते.

आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार निवासी खोल्यांचा स्लॅब आखताना माणसे, फर्निचर अशा भारासाठी प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो धरले जातात. फरशीवर मालाचा आणखी एक थर घातला, की त्याच्या निम्म्याएवढे जादा वजन स्लॅबवर कायमचे बसते. आधीच्या मालकानेही असाच थर घातला असेल, तर गणित आणखी बिघडते. जुन्या इमारतींत स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय असा थर घालू नये.

उंचीचा प्रश्नही असतोच. टाइलवर टाइल बसली की फरशी साधारण दीड सेंटिमीटर वर येते. दरवाजे खालून कापावे लागतात. बाथरूमची फरशी वर आली, तर बाहेरच्या खोलीशी असलेला फरक कमी होतो आणि पाणी बाहेर येण्याची शक्यता वाढते. बाथरूम आधीच गळत असेल, तर वर टाइल घालून गळती थांबेल, असे समजू नये.

मॅट टाइल म्हणजे न घसरणारी टाइल?

मॅट हा शब्द टाइलच्या चकाकीविषयी सांगतो, पकडीविषयी नाही. काही मॅट टाइल्सवर पाणी आणि साबण पडला की पाय सहज सरकतो. घरात ज्येष्ठ नागरिक असतील तर हा मुद्दा सर्वात वरचा ठरतो.

टाइलच्या माहितीपत्रकावर ‘आर ९’पासून ‘आर १३’पर्यंतचे आकडे दिसतात. हे मूल्यांकन जर्मन मानकानुसार, तेल सांडलेल्या उतारावर बूट घालून चालण्याच्या चाचणीवर आधारलेले आहे. आकडा मोठा तितकी पकड जास्त. अनवाणी, ओल्या पायांसाठी ‘ए, बी, सी’ अशी वेगळी श्रेणी आहे आणि तिच्यात ‘सी’ची पकड सर्वाधिक. बाथरूमसाठी टाइल घेताना ही दुसरी श्रेणी विचारावी. माहिती मिळत नसेल, तर दुकानातच नमुन्यावर साबणाचे पाणी ओतून ओल्या हाताने सरकवून पाहावे. हा मोजमापाला पर्याय नाही, पण अंदाज नक्की येतो.

टाइल कितीही चांगली असली तरी ढाळ चुकला की पाणी साचते, शेवाळ धरते आणि पाय घसरतो. बाथरूममध्ये साधारण ८० ते १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर ढाळ ठेवतात. बाथरूम लहान आणि टाइल मोठी असेल, तर ट्रॅपकडे सर्व बाजूंनी ढाळ देणे कठीण जाते. टाइल कापावी लागते. म्हणून जमिनीला लहान आकाराची टाइल सोयीची पडते. तिच्यात सांधे जास्त असल्याने पकडही वाढते.

२ बाय २ ची टाइल म्हणजे ४ चौरस फूट?

बोलताना ‘२ बाय २’ म्हटले जाते, पण ही टाइल प्रत्यक्षात ६०० बाय ६०० मिलिमीटरची असते. ६०० मिलिमीटर म्हणजे १.९७ फूट. त्यामुळे एक टाइल ४ नव्हे, तर सुमारे ३.८७ चौरस फुटांची भरते. चार टाइल्सच्या बॉक्समध्ये १६ नव्हे, १५.५ चौरस फूट टाइल मिळते.

२०० चौरस फुटांच्या खोलीसाठी तोंडी हिशेबाने ५० टाइल्स लागतात. खऱ्या मापाने त्या ५२ होतात. कापण्यात आणि फुटण्यात जाणाऱ्या टाइल्ससाठी साधारण १० टक्के जादा धरल्या तर ५७ होतात, म्हणजे १५ बॉक्स घ्यावे लागतात. तोंडी हिशेबावर १३ बॉक्स आणले, तर शेवटच्या कोपऱ्यात काम अडते.

पुन्हा दुकानात गेल्यावर तीच टाइल मिळते, पण बॅच वेगळी असू शकते. वेगळ्या बॅचमध्ये रंगाच्या छटेत आणि मापात बारीक फरक पडतो आणि फरशीवर तो लगेच डोळ्यांत भरतो. सर्व बॉक्सवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच असल्याची खात्री टेम्पोतून माल उतरवतानाच करावी. काम झाल्यावर चार-पाच टाइल्स माळ्यावर ठेवून द्याव्यात. पुढे दुरुस्तीची वेळ आली तर त्याच कामी येतात.

गळती झालीच तर खर्च कोणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक अशा घरातल्या अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सभासदाने करायचा असतो. इमारत जुनी आहे किंवा काम कंत्राटदाराचे होते, हे सांगून ही जबाबदारी टळत नाही. सोसायटीची परवानगी घेऊन काम केले असले तरीही ती सभासदावरच येते.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र या काळात घरमालकाने स्वतः बाथरूमची फरशी फोडली आणि नंतर गळती झाली, तर विकासक त्या कामाकडे बोट दाखवणार हे उघड आहे. आधीच ओल दिसत असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी लेखी तक्रार करून त्याची पोच घ्यावी.

काम सुरू होण्याआधी काय करावे?

– कंत्राटदाराकडून एकत्रित चौरस फुटाचा दर घेऊ नये. तोडफोड व डेब्रिज उचलणे, वॉटरप्रूफिंग, टाइलची मजुरी, अ‍ॅडेसिव्ह आणि ग्राउट यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. वॉटरप्रूफिंगची वेगळी ओळच नसेल, तर तिथेच थांबून विचारावे.

– पाणी भरून ठेवण्याच्या चाचणीचे दिवस कामाच्या वेळापत्रकात आधीच धरावेत. घाईच्या कामात सर्वात आधी हेच दिवस वगळले जातात.

– शेवटचा हप्ता टाइल बसल्यावर लगेच देऊ नये. बाथरूमचा काही आठवडे वापर होऊन खालचे छत कोरडे राहिल्यावर द्यावा आणि हे सुरुवातीलाच ठरवावे.

– टाइल बसण्यापूर्वी भिंती आणि जमीन उघडी असताना पाइप कुठून गेले आहेत, याचे मोबाइलवर फोटो काढावेत. फोटोत मोजपट्टी टेकवून ठेवली, तर पुढे गीझर किंवा टॉवेलचा रॉड लावताना ड्रिल पाइपवर जाणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांनाही चाचणीच्या दिवशीच बोलावून त्यांचे छत पाहून घ्यावे. तेव्हा ओल सापडली, तर एकही नवी टाइल न फोडता ती दुरुस्त करता येते.